ज्योतनाथांच्या छातीवरचा उजेड

"बत्त्या बंद!" अनंता ओरडला आणि भिवंडीजवळच्या दापोड्याच्या शेवटच्या गोदामामागचं मैदान काळोखात बुडालं. गुरुवार होता, संध्याकाळचे साडेसात वाजले होते. शिफ्ट सुटून थेट आलेली तीनेकशे माणसं पाठीवर डब्याची पिशवी घेऊन श्वास रोखून उभी होती. चौथऱ्यावर ज्योतनाथ महाराज बसलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दिसत कुणालाच नव्हतं.

"आता मोबाईलची बॅटरी लावा," महाराजांचा घोगरा आवाज आला. "आन कपालावर धरा. दोन भिवयांच्या मधी, तिसरा डोला हाय तिथं. ज्याचं मन साफ, त्याला तेज दिसंल. ज्याच्या मनात खोट, त्याला मी नुसता मानूस दिसंन."

तीनशे मोबाईल कपाळांना लागले आणि महाराजांच्या छातीवर पांढराशुभ्र गोळा भगकन पेटला. अंगावरची शाल, गळ्यातल्या माळा, वीतभर दाढी, सगळं त्यापुढे फिकं पडलं. बायकांनी हात जोडले. कुणीतरी हुंदका दिला. "ज्योतनाथ महाराज की जय!" अनंता पुन्हा ओरडला, कारण त्याला ओरडण्यासाठीच ठेवलेलं होतं.

मृणाली गर्दीत मागे होती. ती बॅटरी लावून व्हिडिओ घेत होती, त्यामुळे तिचा मोबाईल पोटाशी होता. तिला कसला गोळा आणि कसलं तेज! दाढीवाला एक जाडा माणूस आणि त्याच्या छातीवर शिवलेलं राखाडी ठिगळ, बस. तिने मोबाईल कपाळाला लावला. गोळा पेटला. पोटाशी आणला. विझला. चार वेळा तिने हेच केलं, आणि चौथ्या वेळी रागाने तिच्या कानशिलांत घण पडायला लागले.

ते ठिगळ तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. ती जवळच्याच एका गोदामात सेफ्टी सुपरवायझर होती. रिफ्लेक्टरची जाकिटं कामगारांना वाटायची आणि शिफ्ट सुटताना गेटवरच्या पेटीत परत जमा करून घ्यायची, हे तिचंच काम. जाकीट कंपनीचं, ते गेटबाहेर जायचं नाही, असा नियम होता. म्हणजे आत फोर्कलिफ्टपासून माणूस जपायचा आणि बाहेर कंटेनरच्या रस्त्यावर त्याला काळोखात सोडून द्यायचा. त्या नियमाखाली मृणालीचीच सही होती. यात काही चुकतंय, असं तिच्या मनात कधी आलं नाही. महाराजांच्या मात्र बरोबर आलं.

महाराज म्हणजे मूळचा चांगदेव, त्याच गेटवरचा वॉचमन. पेटीची किल्ली त्याच्याकडे असायची. चाळीस जाकिटं नाहीशी झाली तेव्हा तोही नाहीसा झाला, आणि वर्षभराने आला तो दाढी वाढवून. दर गुरुवारी तो दक्षिणा घेऊन 'तेजकवच' द्यायचा. तेजकवच म्हणजे भिवंडीच्याच लूमवरच्या कापडाची काळीकुट्ट बंडी.

"ही घाल आन बिनघोर जा," तो सांगायचा. "कंटेनरवाल्याला कोसावरून तुझं तेज दिसंल. पन ध्यान ठेव, वर दुसरा दिवा लावलास, चकाकती पट्टी लावलीस, तर कवच रुसतं."

रुसतं म्हणे! बंडी ती, रुसायला काय नवी नवरी आहे?

पण मृणालीच्या धाकट्या भावाने, सार्थकने, हे खरं मानलं. सार्थक गोदामात पॅकिंगला होता. परत आलेल्या मालाच्या लॉटमधून त्याने एक बॅटरीवरची एकचाकी घेतली होती. तिला ना हँडल, ना सीट. चाकाच्या दोन बाजूंच्या पायट्यांवर उभं राहायचं, अंग पुढे कललं की ती आवाज न करता पळते. तिला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा होता. कवच रुसू नये म्हणून सार्थकने दोन्ही दिव्यांवर पॅकिंगची काळी चिकटपट्टी मारली, काळी बंडी घातली आणि काळोखात ताठ उभा राहून तो घरी निघाला. तिसऱ्याच आठवड्यात सिराज नावाच्या ड्रायव्हरच्या टेम्पोखाली त्याचा उजवा पाय गेला.

पाय वाचला, पण आत सळई आली. चार महिने तो खाटेवर होता. महाराज हॉस्पिटलात येऊन म्हणाले, "दोन गुरुवार चुकवलेस लेका. कवच उपाशी राहिलं." आणि सार्थकने, त्या शहाण्याने, मान डोलावली! सोमवारपासून त्याची ड्युटी पुन्हा सुरू होत होती. एकचाकी चार्ज झाली होती. दिव्यांवरची पट्टी तशीच होती. या वेळी त्याने एकावर एक घालायला दोन बंड्या आणल्या होत्या.

"तू माझ्या श्रद्धेच्या मध्ये येऊ नको, ताई," तो सकाळीच म्हणाला होता.

मृणालीला महाराजाची नुसती फजिती नको होती. तिला तो घाबरलेला पाहायचा होता. तिचा भाऊ रस्त्यावर पडला तेव्हा जसा घाबरला असेल, तसा.

दुसऱ्या दिवशी ती सिराजकडे गेली. चार महिने तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. सार्थकला उचलून हॉस्पिटलात त्यानेच नेलं होतं, तरीही नाही. सिराज टेम्पोची काच पुसत होता. तिला पाहून त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"ताई, मी खुदा की कसम सांगतो, मला तो दिसलाच न्हाय," तो म्हणाला. "हॉर्न न्हाय, दिवा न्हाय, आवाज न्हाय. एकदम काचेसमोर मानूस."

"माझा विश्वास आहे," मृणाली म्हणाली. "आता हेच माझ्या भावाला दाखवायचंय. येशील?"

"किधर बोलो, टेम्पो घेऊन येतो."

पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायची सोय नव्हती. पण सोमवारच्या आत, रविवारी, महाराजांनी खास दर्शन ठेवलं होतं. मृणाली पहिल्या रांगेत बसली. छातीवरचा गोळा पेटला, जयजयकार झाला, आणि ती उठून हात जोडून म्हणाली, "महाराज, माझा भाऊ उद्या रस्त्यावर निघतोय. त्याच्या मनात थोडी धाकधूक आहे. तुम्ही स्वतः कवच घालून गाडीसमोर उभे राहा. गाडी हळूच येईल. ड्रायव्हरला तुमचं तेज लांबूनच दिसेल, मग आम्हाला आणखी काय हवं?"

"अगं, देवाची परीक्षा घेतात का?"

"देवाची नाही हो, बंडीची."

कुणीतरी फिसकन हसलं. राहीबाई, जिची दोन्ही मुलं बंडी घालून कामावर जात, ती मोठ्याने म्हणाली, "दाखवा नं महाराज! आमच्या पोरांचा जीव हाय त्याच्यावर." तिच्यामागून शंभर माणसं तेच म्हणाली. भक्तांनी एवढ्या प्रेमाने धरल्यावर महाराज जातात कुठे?

मैदानामागे गोदामवाल्यांचा खाजगी रस्ता होता, रविवारी बंद आणि दिव्याविना. मृणालीने स्वतःच्या हातांनी महाराजांच्या शालीवर काळी बंडी चढवली आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. राखाडी ठिगळ आत गेलं. दोनशे पावलांवर टेम्पो उभा होता. सिराजच्या शेजारी केबिनमध्ये सार्थक बसला होता; महाराजांचं तेज सगळ्यात आधी आपल्यालाच दिसणार म्हणून तो खुशीने चढला होता. महाराज दिसताक्षणी त्याने "दिसले" म्हणायचं आणि सिराजने थांबायचं, असं ठरलं होतं. शिवाय महाराजांच्या पन्नास पावलं अलीकडे मृणालीने चुन्याची रेघ मारून ठेवली होती. काही झालं तरी टेम्पो त्या रेघेपुढे येणार नव्हता. हे तिने महाराजांना सांगितलं नव्हतं. का सांगावं?

टेम्पो निघाला. बैलगाडीच्या चालीने येत होता, पण काळोखात समोरून येणारे दोन दिवे उभ्या माणसाला नेहमीच वेगात वाटतात. महाराज पहिल्यांदा जागच्या जागी हलले. मग एक हात वर झाला. मग दोन्ही झाले.

"काय दिसतंय?" केबिनमध्ये सिराजने विचारलं.

"रस्ता," सार्थक म्हणाला.

"और?"

"रस्ताच."

"अनंता!" काळोखातून किंकाळी आली. "बत्ती लाव रं! आरं मी हितं हाय! त्याला दिसत न्हाय मी!"

आणि महाराजांनी बटणं तोडत ती बंडी अंगातून ओरबाडून काढली, भिरकावली, आणि छाती पुढे काढून दोन्ही हातांनी ते ठिगळ दिव्यांसमोर धरलं. पांढरा गोळा लख्ख पेटला.

"दिसले!" सार्थक ओरडला. टेम्पो थांबला. चुन्याची रेघ अजून वीस पावलं पुढे होती.

सार्थक खाली उतरला नाही. तो काचेतून समोर बघत होता. "सिराजभाई," त्याने हळूच विचारलं, "मी असाच होतो?"

"तू तर पळत होतास," सिराज म्हणाला. "मला एवढापन न्हाय दिसलास."

सार्थक तिथेच, डॅशबोर्डवर डोकं टेकून, लहान मुलासारखा रडला.

मग मृणालीने गोदामातलं एक जाकीट टेम्पोच्या फाळक्याला अडकवलं. "सगळे मागे व्हा. बॅटरी कपाळाला लावा. दिसलं तेज? आता गुडघ्यापाशी धरा. गेलं? या पट्टीत बारीक काचेचे मणी असतात. उजेड जिकडून येतो तिकडेच ते तो परत पाठवतात. बॅटरी डोळ्याजवळ असली की उजेड तुमच्या डोळ्यांत येतो, खाली असली की तुमच्या गुडघ्यात जातो. तुमच्या मनाचा यात काही संबंध नाही. ड्रायव्हरचे डोळे त्याच्या दिव्यांच्या थोडेच वर असतात, लांबून तर दोन्ही एकाच जागी आल्यासारखे, म्हणून त्याला ही पट्टी लांबून दिसते. या माणसाला ते माहीत होतं. पट्टी त्याने स्वतःला ठेवली आणि तुम्हाला काळं कापड दिलं."

राहीबाईने पायातली चप्पल काढली. मृणालीने तिचा हात धरला. "नको. याला कोणी हात लावायचा नाही. मला तो धडधाकट हवाय, पोलिसांसमोर उभा राहायला आणि कोर्टात माझ्या भावाच्या पायाचा एक्सरे बघायला." तिच्या आवाजात दया नव्हती, आणि तिला ती आणावीशीही वाटली नाही.

चांगदेव चौथऱ्याच्या कडेला बसून राहिला. मृणालीने पोलिसांना फोन लावला आणि जीप येईपर्यंत त्याला कोणी हलू दिलं नाही.

"आणि चूक माझीही आहे," मृणाली लोकांना म्हणाली. "उद्यापासून जाकीट गेटवर जमा होणार नाही. ते घालूनच घरी जायचं. साहेबाला काय सांगायचं ते मी सांगेन. सायकल असो, एकचाकी असो, की पायी चालणं असो. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, डोक्याला हेल्मेट, घोट्यांना पट्ट्या. घोटे हलतात, त्यामुळे माणूस येतोय हे लांबून कळतं. आणि कोणी तुम्हाला तेज विकायला आला, तर आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि त्यालाच रस्त्यावर उभा करा."

सार्थक एव्हाना खाली उतरला होता. लंगडत पुढे येऊन त्याने आपल्या दोन्ही बंड्या पिशवीतून काढल्या आणि सिराजच्या हातात दिल्या.

"काच पुसायला ठेव," तो म्हणाला.