नाळेच्या माडाखालचा बाटला

मित्रांनो, तुम्ही मला कुठे पाहिलं असेल असं वाटत नाही, कारण आयुष्यातली एकेचाळीस वर्षं मी जमिनीखाली काढली आहेत. मी काचेचा एक पोटफुगा बाटला आहे. साध्या वीस बाटल्यांचा ऐवज माझ्या पोटात सहज मावतो. अंगावर वेताची विणलेली बंडी होती, ती केव्हाच कुजून गेली. खांद्यापाशी एक बुडबुडा आहे. मला फुंकणाऱ्या कारागिराला ठसका लागला असावा, त्याची ती खूण. मला तिची लाज वाटत नाही.

जहाजातून मारी-गालांत बेटावर उतरलो तेव्हा माझ्या पोटात शिरका, म्हणजे व्हिनेगर, होता. तो संपल्यावर मला गरम पाण्याने सात वेळा धुतलं आणि कादेरो कुटुंबाच्या भट्टीवर नेलं. तिथे घरचीच माणसं ऊस तोडत, बैलगाडीतून आणत आणि चरकात पिळत. चिपाडं चुलाण्यात जात. रस लाकडी पिंपांत आंबवून त्याची रम गाळली जाई. पिंपाच्या तळाचा गाळ कधी फेकत नसत. विरजणासारखा तो पुढच्या रसाला लावत. हे काम घरच्या बाईचं, क्लेमांसचं. कादेरोंच्या रमेला आधी हिरव्या उसाचा वास, मग पिकल्या केळ्याचा, आणि शेवटी जिभेच्या टोकावर किंचित खारटपणा. शेत समुद्राला लागून होतं, म्हणून असेल. पिंप भरलं की घरधनी सोस्तेन त्यावर तापलेल्या लोखंडी मोहोरेने कादेरोंचं नाव डागत असे. ते नाव पाहिलं की लोक चव न घेताच पिंप उचलत.

चार वर्षं मी भट्टीवर मानाने राबलो. मग ऊसतोडीच्या दिवसांतच सोस्तेनला मुलगी झाली, नेस्तोरीन. त्यांच्या घराण्याचा रिवाज असा की बाळाची नाळ पुरून त्यावर माडाचं रोप लावायचं आणि शेजारी पहिल्या धारेच्या रमेने भरलेला बाटला पुरायचा. तो निघायचा थेट त्या बाळाच्या लग्नात. पहिला घोट जमिनीला, म्हणजे गेलेल्या माणसांना, दुसरा नवरीला. माझ्या तोंडात बूच ठोकलं, त्यावर मेण ओतलं आणि मला खड्ड्यात ठेवलं. माझी निवड झाली म्हणून मी तेव्हा खूश होतो. अंगावर माती पडू लागली तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

जमिनीखाली काय असतं, मित्रांनो? काळोख असतो आणि ओल असते. माडाची मुळं पहिली काही वर्षं लांबून चाचपडत होती, मग त्यांनी मला चहूबाजूंनी आवळलं. हलता येत नव्हतं. ओरडायला तोंड होतं, पण त्यात बूच. पोटात इतकी सुंदर चव घेऊन मी मुका बसलो होतो. एक करमणूक तेवढी होती. वरच्या ओट्यावर घरची माणसं जेवायला बसत, आणि मातीतून त्यांचं बोलणं ऐकू येई.

नेस्तोरीन एकोणीस वर्षांची असताना मोठं वादळ आलं. चरकाचं छप्पर उडालं, पिंपं समुद्रात गेली. त्याच पावसाळ्यात क्लेमांस वारली. सोस्तेन महिनाभर तापाने फणफणत होता. तो उठला तेव्हा नेस्तोरीनने नवी पिंपं उभी करून रस आंबायला टाकलासुद्धा होता. वादळ यायच्या आदल्या दिवशी तिने आईच्या पिंपातला गाळ मडक्यात भरून घरात पलंगाखाली ठेवला होता, तोच तिने लावला.

पहिली रम गाळून झाल्यावर तिने बापाच्या हातात पेला दिला.

"ही आपली नाही," सोस्तेन म्हणाला.

"पापा, गाळ आईचाच आहे. ऊसही त्याच शेतातला."

"असेल. तुझ्या हाताला ती चव नाही, पोरी. तुझी आई गेली, तिच्याबरोबर ती पण गेली."

त्या दिवशी त्याने मोहोर खिळ्याला टांगली. पिंपांवर नाव डागायचं नाही, असं बजावलं. पुढची बावीस वर्षं नेस्तोरीनची रम बिननावाची गेली, कुणाही सोम्यागोम्याची असावी तशी. दर हंगामात ती पेला पुढे करी आणि दर हंगामात तो मान हलवी. तिने आंबवण्याचे दिवस बदलून पाहिले, धार बारीक करून पाहिली, दुसऱ्या शेतातला ऊसही घालून पाहिला, आणि शेवटी परत आईच्याच पद्धतीवर आली. मला राग येई. अरे, खरी चव माझ्या पोटात आहे, मला काढा आणि ताडून बघा! पण सोस्तेन रिवाजाला चिकटून होता. लग्न झाल्याशिवाय बाटला निघणार नाही.

म्हणून मग ओट्यावर लग्नाचा धोशा सुरू झाला. नेस्तोरीनची बाप्तिस्म्याची धर्मआई ओदेल शेजारीच राहायची. तिची जीभ म्हणजे कोयता.

"सोस्तेन, तुला जावई हवाय की घोट हवाय, ते एकदा ठरव," ती म्हणायची.

"तू जेव गुमान. आणि ह्या कालवणात मीठ का नाही? मिरची तरी आण."

मीठ नसल्याची ही तक्रार मी रोज ऐकत होतो. तेव्हा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. बाटल्याला डोकं असतंच किती?

एक दिवस नेस्तोरीन एकटीच माडाला टेकून बसली.  मग हळूच म्हणाली, "आई, मी मोठ्या बेटावरच्या कारखान्यात जाते. मुकादम म्हणून बोलावलंय. हा हंगाम झाला की भट्टी बंद. नाव नाही तर नाही." माझ्या काचेतून गारवा गेला. भट्टी बंद झाली, ती निघून गेली, तर मला कोण काढणार होतं? आम्ही दोघं एकाच खड्ड्यात होतो.

पण कादेरोंची मुलगी इतक्या सहज हार मानणारी नव्हती. हंगामाच्या शेवटच्या दिवशी तिने आईचा चौकड्यांचा रुमाल डोक्याला बांधला, धर्मआईला सोबत घेतलं आणि बापापुढे जाऊन उभी राहिली.

"पापा, माझं लग्न आहे. आत्ता."

"कुणाशी?"

"ह्या भट्टीशी. बावीस वर्षं हिच्याशीच संसार करतेय. उठते हिच्याबरोबर, धूर हिचा खाते. आता खणा."

"थट्टा करतेस माझी?"

"थट्टा तू केलीस तिची," ओदेल म्हणाली. "कुदळ कुठाय?"

सोस्तेन कसाबसा उठून उभा राहिला. एकोणऐंशी वर्षांचा झाला होता तो. शेवटी त्यानेच कुदळ आणली. मुळांचं जाळं कोयत्याने तोडावं लागलं. माड जरा थरथरला, पण उभा राहिला. आणि मित्रांनो, मी उजेड पाहिला. तो इतका झोंबला की पुन्हा माती टाका म्हणावंसं वाटलं.

बूच निघालं. पहिला घोट जमिनीला. दुसरा नेस्तोरीनचा. ती प्यायली आणि तिचे डोळे भरून आले. तिसरा पेला सोस्तेनने घेतला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. माझा जीव बुचातच अडकला होता.

"ह्यातही नाही," तो म्हणाला.

 मी तर मोडून पडलो. एकेचाळीस वर्षं मी काय सांभाळलं होतं मग? तेवढ्यात ओदेलने एका हातात माझा पेला घेतला, दुसऱ्या हातात नेस्तोरीनच्या ताज्या रमेचा. दोन्ही चाखले, पुन्हा चाखले.

"सोस्तेन, ही एकाच आईची लेकरं आहेत. मला फरक कळत नाही. आणि एक सांगू? तुझ्या घरचं कालवण खारट असतं. बावीस वर्षं मी पाणी पिऊन गिळतेय."

सोस्तेनने पेला नाकाशी धरला. लिंबाचं पान चुरगळून नाकाशी धरलं. मग ओट्यावर बसला.

"मला वासच येत नाही, पोरी," तो म्हणाला. "त्या तापापासून येत नाही. मला वाटलं, जगातच उरला नाही."

नेस्तोरीन त्याच्याजवळ बसली. तिला राग आला होता, तो तिच्या तोंडावर दिसत होता. बावीस वर्षं कुणी तिला परत देणार नव्हतं. थोड्या वेळाने सोस्तेन उठला, खिळ्यावरची गंजलेली मोहोर काढली आणि तिच्या हातात दिली. स्वतः चुलाण्यात चिपाडं सारून त्याने जाळ केला. त्या संध्याकाळी एकोणीस पिंपांवर नाव डागलं गेलं. ती मोठ्या बेटावर गेली नाही.

आता मी भट्टीच्या ओट्यावर असतो, उघड्या तोंडाने. मला पुन्हा पुरायचं नाही, असं नेस्तोरीनने सांगून टाकलं आहे. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातली चांगली वस्तू मुहूर्तासाठी कोंडून ठेवू नका. आणि कुणाच्या हाताची चव बिघडली असं म्हणण्याआधी शेजारणीलाही एक घास देऊन बघा.

दर हंगामाची पहिली धार आता माझ्यात पडते. पहिला पेला अजूनही सोस्तेनचाच. तो नाकाशी धरतो आणि मुलीकडे सरकवतो. "सांग," म्हणतो. मग नेस्तोरीन सांगते, आधी हिरवा ऊस, मग केळं, मग समुद्र, आणि म्हातारा डोळे मिटून ऐकत बसतो.