काकासाहेबांचा गळा

मुलांनो, मान जरा मागं टाका आणि गळ्यावर समोरून बोट ठेवा. कडक लागते ती श्वासाची नळी. तिच्या मागं, बोटाला न सापडणारी, अन्नाची नळी. दोन्हींची दारं जिभेच्या मुळाशी अगदी लगत. आता समजा, समोरच्या माणसाचा श्वास थांबत चाललाय, तुमच्या हातात करंगळीएवढी रबरी नळी आहे आणि ती पुढच्याच दारातून आत घालायची आहे. घाई होतेय ना? तशीच नव्या डॉक्टर भालचंद्रांनाही झाली होती.

"जल्दी कशाला करता, डॉक्टर? काकासाहेब कुठं पळून न्हाई चालले," वामनराव म्हणाले.

काकासाहेब म्हणजे टेबलावर आ करून पडलेला रबरी पुतळा. डोकं, मान आणि छाती, बस. जालन्याच्या त्या दवाखान्यात नवे डॉक्टर दर गुरुवारी त्याच्यावर सराव करत. वामनराव ऑपरेशन थिएटरमधले मदतनीस. वीस वर्षं हत्यारं उकळण्यात गेली, पण आवडीचं काम हेच: पुतळा पुसून ठेवायचा आणि घाबरलेल्या पोरांना धीर द्यायचा.

"दातांवर जोर नका देऊ. ते बोलत न्हाईत म्हणून काय दात पाडता त्यांचे?"

नळी सरकली. पिशवी दाबताच पुतळ्याची छाती उचलली.

"पहिल्या झटक्यात!" भालचंद्र हरखले. "वामनकाका, अंबडला वडील रोज फोनवर विचारतात, हात बसला का म्हणून."

"बसला म्हणून सांगा. बिलकुल बसला."

गेल्या वर्षापासून सगळ्यांचाच बसत होता. कारण एकट्या वामनरावांना ठाऊक. पुतळ्याची मागची वाट, अन्नाच्या नळीची, फाटली होती. नळी तिथं अडकायची, पोरं हिरमुसायची. नवा पुतळा काही येईना. मग वामनरावांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, सोल्यूशन लावलं आणि मागचं दार बंदच करून टाकलं. आता नळी कशीही घाला, पुढंच जायची. आपण पुतळा वाचवला, एवढंच त्यांना वाटलं. पोरांची चुकायची जागाच बुजवली, हे काही ध्यानात आलं नाही.

सत्त्याण्णव सालच्या एका दुपारी राजूरहून जीप आली. कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना गिरिजाबाईंच्या हाताला नाग डसला होता. सोबत भाऊ रामकिसन आणि नऊ वर्षांची लेक, सगुणा. गिरिजाबाईंच्या पापण्या मिटल्या होत्या, वाचा गेली होती, विषानं श्वासही मंदावत चालला होता.

"आई जागीच हाय," सगुणा ज्याला त्याला सांगत होती. "डोळे उघडता येईनात तिला. म्या हाक मारली की बोट हालवती."

विषावरचं इंजेक्शन सुरू झालं. पण त्याचा गुण येईपर्यंत श्वास बाहेरून द्यायला हवा होता. तेवढं जमलं तर बाई वाचणार होती. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. त्यांचा निरोप आला, "भालचंद्रला घालू द्या नळी. हात बसलाय त्याचा."

सगुणाला बाहेर बाकावर बसवलं.

नळी सुळकन आत गेली. भालचंद्रांनी पिशवी दाबली. वामनरावांनी पाहिलं: छाती नाही, पोट वर आलं.

"डॉक्टर, पोट फुगून राह्यलं. छाती उचलंना."

"गेलीय काका, बराबर गेलीय! कुठं अडकली का? आजवर एकदा तरी चुकलोय का मी?"

"काढा, डॉक्टर. काढा म्हणतो ना!"

"आणि परत न्हाई गेली तर?"

चुकलेली नळी कशी ओळखायची, हे भालचंद्रांच्या हातांना कधी कळलंच नव्हतं. ते दाबत राहिले. नखं निळी पडली. मोठे डॉक्टर धावत आले, नळी ओढून काढली, दुसरी बसवली. छाती उचलली, पण हृदय तोवर थांबलं होतं. अर्धा तास छाती दाबून पाहिली. बोट काही हललं नाही.

"पन्नास वेळा सराव केलास ना रे? साधं पोट दिसलं नाही तुला?"

"त्यांना नका बोलू, साहेब." वामनरावांना स्वतःचाच आवाज परका वाटला. "काकासाहेबांची मागची वाट मीच बुजवली. चुकायचं कसं, हे त्यांना शिकायलाच न्हाई मिळालं."

मोठ्या डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि लिहिलं, 'पेशंटला उशिरा आणले.'

"जा, वामनराव. बाहेर सांगून या."

कुणी त्यांना शिवीसुद्धा दिली नाही.

रामकिसन औषधं आणायला गेला होता. बाकावर सगुणा एकटी, मांडीवर आईच्या चपला घेऊन.

"उघडले का आईनं डोळे?"

वामनराव तिच्यापुढं उकिडवे बसले.

"न्हाई, बाळा," ते म्हणाले. "चूक माझी झाली."

सगुणा उठली. चपलांची माती तिनं परकराच्या काठानं पुसली, आणि आई होती त्या खोलीच्या दाराशी वाकून, बाहेर येताना आईला लगेच पायात सरकवता याव्यात म्हणून, तोंडं बाहेरच्या बाजूला करून त्या नीट मांडून ठेवल्या.