गुरुवारी गोलपोस्टपाशी

असेतूचं डोकं गोलपोस्टवर आपटलं ते गुरुवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. पाहणारी मी एकटीच होते.

बाकीचा संघ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कॉर्नरचा सराव करत होता. आमचे गोलकीपिंगचे प्रशिक्षक कुंपणापलीकडे गेलेले चेंडू आणायला गेले होते. मी डावीकडे खाली एक चेंडू मारला. असेतूने झेप घेऊन तो अडवला आणि त्याच झोकात तिचं कपाळ खांबाला लागलं. ठण्ण असा आवाज झाला. ती तशीच पडून राहिली. मी धावत पोचेपर्यंत उठून बसली आणि हसली.

"ए आजी, कुणाला सांगू नकोस हं."

संघात मला सगळ्या आजीच म्हणायच्या. मी तेहतीस वर्षांची, असेतू एकवीसची. ती येईपर्यंत पोर-लानेकच्या महिला फुटबॉल संघाच्या गोलमध्ये मी उभी राहत होते. ती आली आणि दोन आठवड्यांत मी बाकावर जाऊन बसले. त्याला तीन वर्षं झाली होती. राग आला असता, पण असेतू होतीच तशी. मला जो चेंडू दिसायचाही नाही, तो तिच्या हातात असायचा.

"डॉक्टरांना दाखवून येऊ चल," मी म्हटलं.

"वेडी झालीस का? ते दहा दिवस बसवतील. शनिवारी राष्ट्रीय संघाच्या निवड समितीची माणसं येतायत, मंगळवारी यादी लागतेय. रोझेन, प्लीज."

ती मला कधी नावाने हाक मारत नसे. मी चेंडू उचलला. प्रशिक्षक चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून आले, तेव्हा आम्ही पुन्हा सरावाला लागलो होतो. म्हणजे मी तिच्या दिशेने चेंडू मारत होते आणि ती डोक्यासकट त्यांच्यावर झेपावत होती.

शनिवारचा सामना हंगामातला शेवटचा. बरोबरी साधली तर पहिल्या विभागात राहणार, हरलो तर खाली. गावात दुसरा विषय नव्हता. पाववालीसुद्धा पाव देताना विचारायची, "काय, वाचणार ना?"

शुक्रवारी जेवायला असेतू काळा चष्मा लावून आली. ताटातलं चिवडत बसली. माझ्याकडे मीठ मागितलं, मी दिलं. मिनिटभराने पुन्हा मागितलं. मीठ तिच्या हाताशीच होतं.

बाहेर पडल्यावर मी तिला गाठलं. "डोकं दुखतंय ना?"

"नाही."

"असेतू, मी कोचना सांगते."

तिने चष्मा काढला. डोळे लाल होते. "सांग की. मग मी बाकावर आणि तू गोलमध्ये. निवृत्तीच्या आधी एक शेवटचा सामना हवाय तुला, कळत नाही का मला?"

 ते अगदीच खोटं नव्हतं. हंगाम संपला की मी हातमोजे खुंटीला टांगणार होते. क्लबच्या लहान मुलींना शिकवायचं काम मला मिळालं होतं. शेवटचा सामना बाकावरून बघावा लागणार, हे मनाला लागत होतं. त्यामुळे झालं काय, की मी जे सांगायला हवं होतं ते आता सांगितलं तर स्वतःसाठीच सांगितल्यासारखं होणार होतं. या विचाराने माझं तोंड बांधलं. त्या वेळी मला तो मोठेपणा वाटला.

शनिवारी दुपारी तिची आई पॅरिसच्या उपनगरातून गाडीने आली. मादाम दियारा. दवाखान्यात आया म्हणून बावीस वर्षं काम केलेली, आवाजाने खणखणीत. फाटकाशी मला बघून तिने मला जवळ ओढलं.

"काय गं पोरी, आमची बया नीट खाते ना? तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ."



सामना तीनला होता. अडीचला आम्ही मैदानावर गेलो. समुद्राकडून आडवा वारा सुटला होता. असेतूला सराव देणं माझं काम. मी पहिला उंच चेंडू टाकला. तिने हात घातला तो वीतभर अलीकडे. दुसरा तिच्या बोटांना लागून गेला. तिसऱ्याला तिने उडी मारली आणि हवाच पकडली. प्रेक्षकांत कुणी तरी हसलं.

ती माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "आज समोर कोण आहे?"

"काय?"

"कोणाशी खेळतोय आपण?"

हातातला चेंडू टाकून मी पळत सुटले.

क्लबचे डॉक्टर तांगी मैदानावर यायच्या बोगद्याच्या तोंडाशी पट्ट्यांची पेटी लावत होते. "असेतूला बघा," मी म्हटलं, "डोक्याला लागलंय तिच्या."

"कधी?"

"सरावात," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण आत्ताच्या सरावात असंच त्यांना वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं.

त्यांनी तिला कपडे बदलायच्या खोलीत बसवलं. आमची कप्तान ओद दारातच उभी होती, बुटाची नाडी अर्धी बांधलेली. डॉक्टर म्हणाले, "वर्षाचे महिने उलटे म्हण. डिसेंबरपासून."

"डिसेंबर. नोव्हेंबर." असेतू थांबली. तिने आमच्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरीचं तोंड होतं ते. "मला खेळायचंय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

आमच्या कोच मारीव्होन एरवी भरपूर बोलणाऱ्या. त्या वेळी एवढंच म्हणाल्या, "रोझेन, हातमोजे घाल."

असेतूला तिच्या आईबरोबर इस्पितळात पाठवलं. मी मैदानात उतरले तेव्हा रुग्णवाहिका फाटकातून बाहेर पडत होती.

बाराव्या मिनिटाला माझ्या हातून गोल झाला. साधा, वीस पावलांवरून मारलेला चेंडू. पुढे टप्पा पडला आणि काखेखालून आत गेला. ओद माझ्यापाशी आली. मला वाटलं शिव्या घालणार.

"आजी, माझ्याकडे बघ. गेला तो गेला. पुढचा बघ."

"मला जमणार नाही, ओद."

"जमणार नाही सांगतेस कुणाला? दुसरी कोण आहे बाकावर? सतरा वर्षांची पोर. थांब इथेच."

एकसष्टाव्या मिनिटाला ओदनेच डोक्याने गोल करून बरोबरी साधली. त्यानंतरचा अर्धा तास मला आजही तुकड्यातुकड्यांनी आठवतो. एकामागून एक तीन कॉर्नर. वारा चेंडूला थेट गोलमध्ये ओढत होता. पहिला मी ठोसा मारून उडवला. दुसऱ्याला त्यांच्या उंच मुलीचं कोपर माझ्या गालफडावर बसलं आणि क्षणभर अंधारी आली. तेव्हा मला असेतूच दिसली, खांबाशी पडलेली. तिसऱ्याला पुढे जावं की थांबावं हे मला ठरवताच येईना. मी थांबले. चेंडू दूरच्या खांबाकडे वळला, कुणाच्या तरी पायाला लागला आणि माझ्या मांडीवर आदळून रेषेवरून बाहेर गेला. शेवटची शिट्टी झाली.

वाचलो. स्टँडमधल्या माणसांनी उड्या मारत कठडा वाकवला. ओदने मला उचललं. मारीव्होन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दोनदा वाचवलंस तू आम्हाला. आधी असेतूला, मग क्लबला. डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं अशी असतात, शिका!" टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

रविवारच्या पेपरात माझा फोटो आला. 'सरावात सहकारी जखमी झाल्याचं क्षणात ओळखलं.' मी तो पेपर घडी करून ठेवला, मग फाडला. इस्पितळातून कळलं, मेंदूत रक्तस्राव नाही. पण सहा आठवडे पूर्ण विश्रांती, आणि मग बघू.

मंगळवारी यादी लागली. असेतूचं नाव नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता मी तिच्या घरी गेले. पडदे ओढलेले होते. ती पलंगावर पडून होती, आई पायाशी बसली होती.

"ये आजी," असेतू म्हणाली. "हीरो झालीस म्हणे. मला काहीच आठवत नाही गं. बुधवारी केस धुतले, तेवढं आठवतं. मग एकदम इस्पितळाची खिडकी. सरावात पडले म्हणतात मी?"

तिला खरंच आठवत नव्हतं. शुक्रवारचं बोलणंही नाही. मी काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं.

"शनिवारी नाही," मी म्हटलं. "गुरुवारी. खांबावर. मी पाहिलं होतं."



"मीच म्हटलं असणार सांगू नकोस म्हणून," असेतू म्हणाली.

"म्हणालीस. पण ऐकायला नको होतं मी."

मादाम दियारा उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने, तेच जास्त भयंकर होतं. "दोन दिवस. आणि दोन दिवस तू तिला चेंडू मारत होतीस?"

"हो."

"फाटकाशी मी तुला मिठी मारली, तेव्हाही ठाऊक होतं?"

"हो."

"दवाखान्यात अशी एक पोर आली होती आमच्याकडे. दुसरा मार लागला आणि संपली." तिने फोन माझ्या हातात दिला. "डॉक्टरला सांग. माझ्यासमोर. चुकीच्या दिवसापासून मोजतायत ते."

मी सांगितलं. डॉक्टर तांगींनी वार पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. असेतूने भिंतीकडे तोंड केलं होतं. मी निघाले तेव्हा कुणी "ये" म्हटलं नाही.

मुलींना शिकवायचं काम क्लबने वर्षभरासाठी काढून घेतलं. मारीव्होन म्हणाल्या, "कबूल केलंस म्हणून वर्ष. नाहीतर कायमचं." ओद महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस बाजारात भेटली आणि माशांच्या भावाबद्दल बोलली.

असेतूचे सहा आठवड्यांचे चार महिने झाले. माझ्या निरोपांना तिने उत्तर दिलं नाही. ऑक्टोबरात ती पुन्हा गोलमध्ये उभी राहणार असं गावात कळलं, तेव्हा मी तिकीट काढून स्टँडमध्ये बसले. थोड्या वेळाने मादाम दियारा आली, मला पाहिलं, आणि एक खुर्ची सोडून बसली. पहिला अर्धा तास आम्ही एकमेकींकडे पाहिलंही नाही. मग एक उंच चेंडू आला. असेतू रेषेवरच थांबली, आणि तो डोक्यावरून वाहत बाहेर गेला.

मादाम दियाराने छातीवरचा हात काढला. मैदानाकडेच बघत तिने विचारलं, "बाहेर का नाही आली ती? घाबरली का?"

"नाही," मी म्हटलं. "वारा चेंडू बाहेरच नेत होता. थांबली तेच बरोबर केलं."

"मग ठीक," ती म्हणाली.