गयेच्या यार्डात

“गाडीत शेगडीजवळ नको ठेवू. आचेनं वितळून नुसता गोळा व्हईल,” तात्याराव खाटेवरून म्हणाला.

“लुगड्यात गुंडाळून ठेवते,” इंदूबाई म्हणाली आणि मेणबत्त्यांचं पाकीट तिनं पिशवीत अगदी तळाशी घातलं.

एवढं बोलण्यानंही तात्यारावला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत इंदूबाई त्याची पाठ चोळत उभी राहिली. हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात त्यानं ऐन उमेदीची वर्षं बफिंगच्या चाकाला स्टीलची भांडी धरण्यात घालवली होती. भांड्यांची चकाकी देशभर गेली आणि धूळ तेवढी त्याच्या छातीत राहिली. दिवाळीपासून तो खाटेवरून उठला नव्हता. डॉक्टर हल्ली औषध बदलत नसे, तेच ते लिहून देई, आणि त्याचा अर्थ नवराबायको दोघांनाही कळला होता.

“यंदा जमव,” तो म्हणाला. “गयेपासून बोधगया काय लांब न्हाई. रिक्षा जाते म्हणत्यात. झाडाखाली मेणबत्त्या लावायच्या, घडीभर बसायचं, माघारी यायचं. माझा बाप जल्मभर म्हणायचा, एकदा जाऊन येऊ. त्याचं राहिलं. माझंबी राहिलंच आता. तू जाऊन आलीस म्हंजी झालं.”

“यंदा जमवते,” इंदूबाई म्हणाली. असं ती गेल्या वर्षीही म्हणाली होती, त्याच्या आदल्या वर्षीही.

भाईंदरचा गुणवंतशेठ दर हिवाळ्यात रेल्वेची अख्खी बोगी भाड्यानं घेऊन लोकांना भारतयात्रा घडवायचा. ही बोगी कधी या गाडीला जोडायची, कधी त्या गाडीला. क्षेत्र आलं की तिला सोडवून यार्डात उभी करायची, लोक देवदर्शन करून आले की पुढच्या गाडीला लावायची. चाळीसेक माणसं महिनाभर तिच्यातच झोपायची, खायची, भांडायची आणि पुन्हा गोड व्हायची. एका टोकाची बाकं काढून तिथं स्वयंपाकघर केलं होतं. दत्ताराम आचारी, आणि त्याच्या हाताखाली इंदूबाई.

ती राहायची त्या पेणकरपाड्यातल्या बायकांना तिचा हेवा वाटायचा. फुकटात काशी-रामेश्वर करते म्हणायच्या. इंदूबाईनं भारत बघितला होता तो यार्डांतला. काशी म्हणजे कोळशाच्या ढिगामागची एक भिंत, जगन्नाथपुरी म्हणजे मालगाडीच्या गंजलेल्या वाघिणींची रांग. लोक उतरून देवाला जायचे आणि ही सामान राखत कणीक मळत बसायची. चालत्या गाडीतून मात्र बरंच काही दिसे. कसाऱ्याचा घाट, नर्मदेचं हिरवं पाणी, मोहरीची पिवळी शेतं. धुरानं काळ्या पडलेल्या खिडकीतून तिला जे दिसेल ते ती तात्यारावसाठी आठवणीनं घरी आणायची. त्याला सगळ्यात आवडायचा तो गयेच्या अलीकडचा सोन नदीचा पूल. “कांदा चिरायला घेतला तवा पूल लागला,” ती सांगायची, “टोपभर कांदा झाला तरी आपली नदी चाललीच हाय.” तो डोळे मिटून ऐकायचा आणि दर खेपेला विचारायचा, “पाणी किती व्हतं?”

दत्ताराम रत्नागिरीकडच्या संगमेश्वरचा, पेणकरपाड्यात त्यांच्याच शेजारच्या खोलीत राहणारा. त्याची बायको आशा आणि इंदूबाई या नळावरच्या मैत्रिणी. तात्यारावचं काम सुटलं तेव्हा आशानंच नवऱ्याच्या मागे लागून इंदूबाईला बोगीत घ्यायला लावलं. गुणवंतशेठनं विचारलं होतं, “बाई कोणाची? अपने यहाँ सब सोवळं पाळणारी मंडळी असतात, बाबा.” दत्ताराम म्हणाला, “आमच्या गावची आहे. आमच्यातलीच.” पुढं कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून परभणीकडची इंदूबाई बोगीपुरती संगमेश्वरची झाली. संगमेश्वर तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

‘जयभीम’ तोंडातून निघून जाऊ नये म्हणून ती समोर येईल त्याला आधीच ‘रामराम’ घालून मोकळी व्हायची. बोलायची कमी. उपवास तर तिनं या तीन हिवाळ्यांत एवढे केले की तिच्या सात पिढ्यांत मिळून तेवढे झाले नसतील. साबुदाण्याची खिचडी ती आता दत्तारामपेक्षा सरस करायला लागली होती. या सगळ्याची तिला चीड यायची, पण चिडीपेक्षा भीती मोठी होती. ती पकडली गेली असती तर दत्तारामची भाकरीही गेली असती, आणि त्याला चार पोरं होती.

आधीच्या दोन्ही यात्रांना बोगी गयेला सकाळी लागून संध्याकाळी सुटली होती. पिंडदान आटोपून आलेल्या माणसांना गरम जेवण लागायचं. सुट्टी मागायची तर कशासाठी ते सांगावं लागणार, म्हणून तिनं मागितलीच नाही. यंदा मात्र पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सोन नदी ओलांडल्यावर गुणवंतशेठनं बोगीभर फिरून जाहीर केलं, “उद्या सकाळी पिंडदान, दुपारी बशीनं बोधगया. फुकट. शेठकडून.”

पोळी लाटता लाटता इंदूबाईचा हात थांबला. दत्तारामनं एकवार तिच्याकडे पाहिलं आणि तवा फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस यार्डाच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. ‘मलाही न्या’ हे शब्द इंदूबाईनं सकाळपासून घोटून ठेवले होते. पण तिला बोलावंच लागलं नाही. यात्रेला आलेल्या, भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या राऊतकाकूंनीच विषय काढला. काकूंचा तिच्यावर जीव होता. रोज पायांना तेल लावून घेता घेता त्या तिला आपल्या तिन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, आणि काशीला त्यांनी तिच्यासाठी आठवणीनं हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या.

“शेठ, आज इंदूला पण घ्या,” काकू म्हणाल्या. “पोर कंदी खाली उतरतच न्हाय. बशीत जागा हाय ना?”

“बैठ जा, बैठ जा,” शेठ म्हणाला. “दत्ताराम, तू सांभाळशील?”

“सांभाळतो की. वहिनी, जावा तुम्ही.”

इंदूबाईनं तोंड धुतलं, लुगडं बदललं. पाकीट पिशवीतून काढून पदराखाली धरलं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती खाली मान घालून चालत होती. बशीची पायरी उंच होती. काकूंनी वरून हात दिला, तो धरायला तिनं हात पुढं केला आणि पाकीट पायरीवर पडलं.

“ह्या काय गो?” काकूंनी वाकून पाहिलं. “मेणबत्त्या? उत्तनच्या चर्चात माउलीच्या जत्रेला चाललीस काय?”

बशीत हशा पिकला. इंदूबाईही हसली.

“उत्तनला कशाला?” पहिल्या बाकावरचे महिपतराव म्हणाले. ते निवृत्त तलाठी होते आणि माहिती द्यायला त्यांना कारण लागत नसे. “बोधगयेलाही लावतात की. आपले जयभीमवाले जातात ना, ते सगळे मेणबत्त्या लावतात. मी टीव्हीवर पाहिलंय.”

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बशीतलं हसणं जागच्या जागी थांबलं. कुणीतरी इंदूबाईच्या कपाळाकडे पाहिलं, कुणी पायांकडे. काकूंचा हात तिच्या दंडावर होता. तो त्यांनी काढला नाही, पण त्यातली पकड गेली, ते तिला कळलं.

“अहो, त्या माझ्या मेणबत्त्या!” खालून दत्तारामचा आवाज आला. तो फाटकातून धावतच आला होता. “यार्डात बोगीतली लाइट जाते ना, म्हणून मीच आणायला सांगितल्या होत्या घरून. काय वहिनी, तुम्ही पण ना, त्या घेऊन कुठं निघालात? द्या इकडे.”

त्यानं हात पुढं केला. इंदूबाईनं पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं.

“बघा, डोकं कुठं असतं हिचं,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा हात पुन्हा पहिल्यासारखा घट्ट झाला. “चल, बस माझ्या बाजूला.”

अजूनही जाता आलं असतं. जागा होती, काकू सरकून बसल्या होत्या. मेणबत्त्यांशिवाय का होईना, झाड दिसलं असतं. पण महिपतराव वळून वळून पाहत होते. तिथं गेल्यावर आपले गुडघे टेकणार, हात जोडले जाणार, बारशापासून मयतीपर्यंत ऐकलेले वंदनेचे ते शब्द तोंडातून निघणार, हे इंदूबाईला पक्कं ठाऊक होतं. आणि चपला हातात धरून चार लोकांसारखं इकडे तिकडे बघत उभं राहणं तिला जमलं नसतं. तात्यारावसाठी तर नाहीच.

“काकू, माझ्या पोटात कळ आली,” ती म्हणाली. “मी राहते.”

बस गेली. बोगीत येऊन दोघं समोरासमोर भाजी निवडायला बसली. बराच वेळ दत्ताराम मान वर करेना.

“वहिनी, मला दुसरं काय सुचलंच नाही.”

“माहीत आहे भाऊ. तुम्ही नसता आलात तर दोघांचीही भाकरी गेली असती.”

“आता जावा रिक्षानं. मी करतो सगळं.”

“आता तिथं सगळेच असतील ना,” इंदूबाई म्हणाली.

दत्तारामनं उठून डाळ धुवायला घेतली. इंदूबाईला रडू येत होतं, पण तिच्यापुढं कांदे होते, त्यामुळे निराळं रडायची गरज पडली नाही.

बोगी चालली तर तिची बॅटरी भरते; उभ्या उभ्या दिवे मंद होत जातात. अंधार पडला तसे ते आधी तांबूस झाले आणि मग गेलेच. थोड्या वेळानं लोक परतले ते ठेचकाळत, एकमेकांना हाका मारत.

“अरे दत्ताराम, ये क्या अंधेरा?” शेठ ओरडला. “तुझ्या त्या मेणबत्त्या कुठायत? कशाला आणल्यात मग?”

दत्ताराम पाकीट हातात धरून नुसता उभा राहिला. तो तिच्याकडे पाहत होता आणि ते पाहणं कुणाच्या लक्षात आलं असतं. इंदूबाईनं पाकीट त्याच्या हातातून घेतलं. जेवणाच्या वाट्या उपड्या करून, मेणाचा थेंब पाडून तिनं एकेक मेणबत्ती त्यांच्यावर उभी केली आणि बाकांच्या मधोमध ठेवत गेली. सगळं पाकीट लागलं. कुणाला कळणार नाही अशा बेतानं तिनं पहिल्या मेणबत्तीपुढं दोन्ही हात क्षणभर जवळ आणले, पण तेवढ्यात कुणीतरी पाणी मागितलं.

“काय गार वाटत होतं गो त्या झाडाखाली,” काकू जेवता जेवता सांगत होत्या. “येवढं मोठं झाड, पण आवाज कसला तो न्हाय. माणसं नुसती बसून ऱ्हातात. तू यायला पायजे होतंस.”

“आमटी वाढू?” इंदूबाईनं विचारलं.

जेवणं होईपर्यंत मेणबत्त्या बोटभर उरल्या होत्या. भांडी घासताना तिला वाट्यांवरचं मेण नखानं खरवडून काढावं लागलं.

पुरी झाली, रामेश्वर झालं, कन्याकुमारी झाली. यार्डं तशीच होती. वाटेत तिनं मनाशी सगळं जुळवून ठेवलं. झाड किती मोठं, सावली किती गार, माणसं कशी नुसती बसून असतात. काकूंनी पुरेसं सांगितलं होतं. आजारी माणसाला खोटं सांगायला कुणाची हरकत असते?

पेणकरपाड्यात पोचली तेव्हा आशा तात्यारावला पेज भरवत होती. तिच्या हातून वाटी घेऊन इंदूबाई खाटेवर टेकली. महिन्याभरात तो निम्मा झाला होता. आशा निघून गेल्यावर त्यानं विचारलं, “लावल्यास?”

“लावल्या.”

त्यानं डोळे मिटले. “सांग.”

झाड किती मोठं, ते सांगायला तिनं तोंड उघडलं. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या चेहऱ्याकडे पाहून तिला ते सांगवेना.

“झाडाखाली न्हाई,” ती म्हणाली. “बोगीतच. लाइट गेलती. लोक जेवायला बसलते, त्यांच्या पुढ्यात लावल्या.” मग तिनं सगळं सांगितलं. पायरी, महिपतराव, दत्तारामचा हात, पोटातली कळ. सांगताना ती त्याच्याकडे न पाहता वाटीतली पेज ढवळत होती.

तात्यारावनं डोळे उघडले. मग त्यानं विचारलं, “पोटभर जेवले का?”

“जेवले.”

“कशावर लावल्यास?”

“वाट्यांवर. उपड्या करून.”

“आपल्या गाळ्याकडच्याच वाट्या?”

“हाटकेशच्या. शेठ तिथूनच घेतो.”

“मग उजेड चांगला पडला असंल,” तात्याराव म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

इंदूबाईनं उठून पिशवीतले मळके कपडे बाहेर काढले. सोन नदीला पाणी किती होतं, ते त्यानं या खेपेला विचारलं नाही.