तिरकी करा, साहेब

"आमची सून रागावत नाय, राग मुरवत ठेवते," कौसाबाई सगळ्या चामटोलीला सांगायची. "तिच्यापरीस लोणचं लवकर मुरतं." सासूनं सुनेचं केलेलं हे वर्णन खोटं नव्हतं, आणि बकुळानंही ते कधी खोटं पाडलं नाही.

विष्णुपंतांना हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण पंत अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातले मोठे साहेब. कामगार घ्यायचे-काढायचे त्यांच्या सहीनं. असा माणूस चामटोलीच्या शेतकऱ्याच्या सुनेची चौकशी कशाला करतोय?

शहाऐंशी सालची गोष्ट. तेव्हा नवी स्कूटर हवी तर नंबर लावून सात-आठ वर्षं वाट बघावी लागे. पंतांना मात्र कंपनीच्या कोट्यातून वर्षाच्या आत मिळाली. दीडशे सीसीची, आकाशी रंगाची. पुढच्या काचेवर त्यांनी लाल अक्षरांत लेकीचं नाव काढून घेतलं, 'मीनल'. पंत राहायचे त्या मांजर्लीपासून हेंद्रेपाड्यापर्यंत कुठंही ती उभी दिसली की लोक म्हणत, पंत आलेत वाटतं.

गणपती झाल्यावर पंतांनी एक दिवस रघूला केबिनमध्ये बोलावलं. रघू म्हणजे बकुळाचा नवरा. कारखान्यात टेंपररी होता आणि चामटोलीहून रोज सायकल हाणत सातच्या पाळीला यायचा. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा उशीर झाला नाही तर तो पर्मनंट होणार होता.

"अरे, किती दमतोस!" पंत म्हणाले. "माझी स्कूटर घेऊन टाक. मला आता झेपत नाही. दुसऱ्या कोणाला दिली नसती, तू घरचा म्हणून."

रघू विरघळला. साहेबानं घरचा म्हटलं की चांगला माणूसही दोन मिनिटं आंधळा होतो. बकुळानं आईकडून आलेली पुतळ्यांची माळ मोडली आणि दोघं मांजर्लीला पंतांच्या अंगणात गेली. पंतांच्या मालिनीबाई तेव्हा माहेरी होत्या. पंतांनी स्वतः स्कूटर एका कुशीवर कलती केली, क्षणभर तशीच धरली, सरळ केली आणि किक मारली. चौथ्या किकला ती खोकत सुरू झाली.

"तिरकी करायची, मग किक. एवढंच तंत्र आहे," पंत हसत म्हणाले. "आणि हे बघ, कोट्यातली गाडी दोन वर्षं विकायची नसते. कंपनीला कळलं तर माझी नोकरी जाईल. तेव्हा कागद माझ्याच नावावर राहू दे. काचेवरचं नावही पुसू नकोस. दोन वर्षांनी बघू."

हीच पंतांची चूक. पण तेव्हा ती फार हुशारीची वाटली.

स्कूटरनं पहिल्याच महिन्यात रंग दाखवला. कधी चिखलोलीजवळ बंद पडायची, कधी अंबरनाथच्या अलीकडे. रघू प्लग काढायचा, पुसायचा, बसवायचा, तिरकी करायचा, किक मारायचा. रोज बघून बघून प्लगचं काम बकुळालाही येऊ लागलं. स्कूटरला मात्र कशाचाच गुण येईना. ती घरी ठेवून सायकल काढायची, तर माळ मोडून घेतलेली वस्तू दारात ठेवायला रघूचा जीव होईना. असं करता करता चार वेळा उशीर झाला. चौथ्या वेळी तो घामानं निथळत स्कूटर ढकलत फाटकाशी पोचला, तेव्हा आत पंत घड्याळ बघत उभे होते.

"साहेब, तुमचीच तर गाडी..." रघू म्हणाला.

"शिस्त म्हणजे शिस्त," पंत म्हणाले.

आठवड्यात कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. खाली पंतांची झोकदार सही. रघू ओट्यावर बसून ते पत्र तीनदा वाचत राहिला. नशिबाला दोष द्यायची तेवढी बकुळाची तयारी होती, कारण तोवर तिला नशीबच दोषी वाटत होतं.

मांजर्लीत तिचं भाजीचं गिऱ्हाईक होतं. एकदा ती मालिनीबाईंकडे पडवळं घेऊन गेली आणि अंगणाच्या भिंतीकडे तिची नजर गेली. कमरेइतक्या उंचीवर मातकट रेघ होती, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नदी आली होती ना आखाडात," मालिनीबाई सहज म्हणाल्या. "दोन दिवस अंगण पाण्याखाली. आमची स्कूटर तर नुसतं हँडल वर काढून उभी होती बिचारी. यांनी नंतर धुऊनपुसून, रंग मारून विकली कोणाला तरी. बरं झालं बाई, गेली."

त्या बाईला खरंच ठाऊक नव्हतं की ते 'कोणाला तरी' समोर उभं आहे. बकुळानं पडवळं मोजून दिली, पैसे घेतले, टोपली डोक्यावर चढवली. घरी येईपर्यंत तिच्या पायांना जमीन लागली नाही, इतकी ती पेटली होती.

रघू काठी घेऊन निघाला, तसं तिनं त्याला खाली बसवलं. "मारून काय व्हनार? तू आत जाशील नि ते हळद लावून घरी बसतील. तेंनी आपली जागा घालवली. तेंची जागा जाया पायजे."

बकुळाचा भाऊ जनू उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात भाजी विकायचा. त्याच्या हातगाडीला लागून देशी दारूचं दुकान आणि पलीकडे एका सिंधी मिस्त्रीचं गॅरेज. मिस्त्रीनं स्कूटरचं इंजिन उघडलं आणि आतला गाळ बोटावर घेऊन रघूला दाखवला. "यह तो नदी में सो के आई है, भाई." पंधरा दिवस खपून त्यानं ती खणखणीत केली. आता ती पहिल्या किकला उठायची. रघूला फार आनंद झाला. बकुळालाही झाला, पण तिचा आनंद वेगळ्या जातीचा होता.

कारखान्याचे मालक टेकचंदशेठ रोज संध्याकाळी सहाला त्याच रस्त्यानं मोटारीतून घरी जात. शेठ सत्संगी माणूस. दारूचा वाससुद्धा त्यांना खपत नसे, हे कारखान्यात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. बकुळानं रघूला एवढंच सांगितलं, की रोज दुपारी स्कूटरवरून जनूला भाजी नेऊन द्यायची, आणि अंधार पडेपर्यंत स्कूटर लावायची ती दारूच्या दुकानाच्या दारात, काच रस्त्याकडे करून. एका शब्दाचं खोटं बोलायचं नाही. कोणी विचारलंच तर भाजी आणली म्हणायचं.

कोणी विचारलं नाही. लोक बघतात तेव्हा विचारत नाहीत. आकाशी स्कूटर, लाल 'मीनल', मागं देशीचं दुकान. दिवाळी उलटल्यापासून होळीपर्यंत हे चित्र टेकचंदशेठच्या मोटारीच्या खिडकीसमोरून रोज सरकत होतं.

होळीनंतर बकुळा मांजर्लीला गेली तेव्हा मालिनीबाईंचे डोळे सुजलेले होते. "मॅनेजरची जागा यांनाच मिळायची होती गं. यांच्या हाताखालच्या शशिकांतला दिली. शेठनी यांना विचारलं, रोज संध्याकाळी तुमची स्कूटर दारूच्या दुकानासमोर का असते? आणि हे गप्प बसले! खरं सांग बकुळा, माणूस पीत नसेल तर गप्प बसेल का?"

बकुळाला सगळं लख्ख दिसलं. स्कूटर माझी नाही म्हणावं, तर कोट्यातली गाडी विकल्याचं कबूल करावं लागतं आणि नोकरी जाते. माझी आहे म्हणावं, तर दारुडा ठरतो. पंतांनी दारुडा ठरणं पत्करलं होतं. मालिनीबाईंची तिला दया आली. ती दया पदराआड तशीच ठेवून बकुळा घरी आली.

पुढच्याच रविवारी भर दुपारी पंत चामटोलीत आले. टोपी हातात, कपाळावर घाम. ओट्यावर कौसाबाई, शेजारची गंगू, आणखी चारपाच बाया डाळ पाखडत होत्या.

"बकुळाबाई," पंत म्हणाले. आजवर ती त्यांना 'ए भाजीवाली' होती. "तुमचे सगळे पैसे आणलेत. ती स्कूटर मला परत द्या. आत्ताच्या आत्ता. तिथं ती आता एक दिवसही उभी दिसता कामा नये."

"न्या की," बकुळा म्हणाली. "पन आदी येवढं सांगा, ती पान्यात बुडाली व्हती का नाय?"

पंतांनी बायांकडे बघितलं. "होती."

"मोठ्यानं."

"होती, होती! दोन दिवस होती!"

सुपं थांबली. रघूनं जड हातानं स्कूटर अंगणात आणली. आता कुठं ती नीट चालायला लागली होती. उद्यापासून पुन्हा सायकल होती. पण बायकोचा चेहरा बघून त्यानं पैसे घेतले आणि स्कूटर पंतांच्या हाती दिली.

पंत स्कूटरपाशी जाताच पोरंटोरंही गोळा झाली. पंतांनी स्कूटर तिरकी केली, सरळ केली, किक मारली. काही नाही. पुन्हा केली. वीस किका झाल्या, सदरा पाठीला चिकटला, चप्पल निसटून लांब उडाली. शेवटी त्यांनी हँडल धरलं आणि मान खाली घालून मांजर्लीच्या दिशेनं स्कूटर ढकलायला लागले. पुढं सहा-सात किलोमीटर ऊन होतं.

"अगं, सकाळी तर पहिल्या किकला उठली व्हती," रघू चक्रावून म्हणाला.

बकुळानं पदराची गाठ सोडली. आत मिस्त्रीनं बसवलेला नवा प्लग होता. पंत रस्त्यावरून येताना दिसले तेव्हाच स्कूटरमध्ये तिनं जुना, मेलेला प्लग लावून ठेवला होता.

"आणि तेंनी प्लग काढून बगितला नाय?"

"कशाला बगतील? ती मेलेली हाय ह्ये तेंच्यावानी कोनाला म्हाईत?"

मग ती अंगणाच्या कडेला गेली, पदर कमरेला खोचला आणि सगळ्या चामटोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "तिरकी करा, साहेब! तिरकी करायची, मंग किक!"