गुलाबी पाण्यातला दोष

अंगातला दोष काढणाऱ्या माताजी गावात आल्या होत्या आणि सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेतल्या पुढच्या बाईने माताजींनी दिलेली भुकटी चोळलेले हात वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं. माताजींनी मंतरलेल्या पाण्याचे चार थेंब टाकताच रंग उडाला. बायका बघतच राहिल्या.

"दोष पाण्यात उतरला आणि विरलाही," माताजी म्हणाल्या. "पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं तर घाबरू नका. तारुण्य माघारी येतंय. डॉक्टरकडे गेलात की ते रुसतं."

तारुण्य डॉक्टरला एवढं का बिचकतं, हे कुणीच विचारलं नाही. शिवणकाम करणाऱ्या मावशींनीही नाही. त्यांची पाळी जाऊन सात वर्षं झाली होती आणि गेल्या महिन्यात दोनदा डाग दिसला होता. त्यांनीही हात बुडवले, पाणी निवळलेलं पाहिलं आणि हलक्या मनाने घरी आल्या. उरलेली भुकटी त्यांनी कौतुकाने भाचीला दाखवली.

भाची शाळेत विज्ञान शिकवायची. "मावशी, हा तर धुण्याचा सोडा दिसतोय. उद्या प्रयोगशाळेत ये, मीही दोष काढून दाखवते."

दुसऱ्या दिवशी तिने पाण्यात एका बाटलीतलं, सोडा मिळाला की गुलाबी होणारं रंगहीन रसायन टाकलं. सोडा लावलेलं बोट बुडवलं, पाणी गुलाबी. लिंबू पिळलं, पुन्हा स्वच्छ.

मावशी स्टुलावर बसल्या. "मग माझा डाग कशाचा?"

"ते मला नाही कळत. ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ."

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड झालं होतं. तुकडा तपासला, तेव्हा पेशी बिघडायला लागलेल्या दिसल्या. कर्करोग मात्र झालेला नव्हता. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढलं.

दोन महिन्यांनी मावशी पुन्हा सभागृहात रांगेला उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी हातांऐवजी कापड मोजायची लाकडी पट्टी सोडा चोळून वाडग्यात बुडवली. पाणी गुलाबी झालं.

"माताजी, पट्टीची पाळी कधी गेली म्हणायची?"

आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. माताजींना एकाएकी दुसऱ्या गावचं निमंत्रण आठवलं.

मावशींनी सोड्याची आणि लिंबाची गंमत समजावून सांगितली. मग म्हणाल्या, "पाळी बंद होऊन वर्ष उलटलं असेल आणि एक डाग जरी दिसला, तरी तपासून घ्या. बहुतेकींना काही मोठं निघत नाही. पण ते तपासणीवरून ठरवायचं, पाण्याच्या रंगावरून नाही."

मागच्या रांगेतली एक बाई हळूच उठून जवळ आली.

"डॉक्टरबाई किती वाजता बसतात?" तिने विचारलं.