देओलिंदाची थंडी

ग्वाल्तेर पाशेको दरवर्षी ऑक्टोबरात तीन आठवडे समुद्रापारच्या आपल्या मूळ बेटावर, भावाकडे जायचा. देओलिंदा फुर्तादोने नेमके तेच तीन आठवडे निवडले. तो विमानात बसला त्या दुपारी तिने प्लंबरला फोन लावला, आणि तो परत यायच्या आत तिच्या तळघरातला, घर तापवणारा तेलाचा बॉयलर भंगारात गेला. त्याच्या जागी भिंतीवर टांगलेली, सुटकेसएवढी गॅसची पेटी आली.

एवढं चोरून करायचं कारण असं, की तिच्या घराला एकतीस वर्षं तेल पुरवणारा माणूस म्हणजे हाच ग्वाल्तेर. तिच्या मुलीला, नातेर्सियाला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून देओलिंदा त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे, म्हणजे मुलीचा धर्मपिता आणि मुलीची आई. तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद झाले, तर हा गडी तेलाचे डबे खांद्यावर घेऊन टेकडी चढून आला होता. अशा माणसाला ‘तुमचं तेल आता नको’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय त्याची जीभ. खालच्या गल्लीतल्या बेंतोने गॅस घेतला तेव्हापासून दर रविवारी मिस्सा सुटली, की ग्वाल्तेर चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत त्याला विचारायचा, “काय बेंतो, घर आहे ना अजून जागेवर, की उडालं?”

पण बॉयलर पंचेचाळीस वर्षांचा म्हातारा झाला होता. तेलाचा वास तळघरातून वर चढून कपाटातल्या चादरींना लागायचा. नातेर्सियाने प्रॉव्हिडन्सहून फोनवर दोन वर्षं ‘गॅस घे’ एवढंच टुमणं लावलं होतं. शेवटी देओलिंदाने मन घट्ट केलं.

“तेलाची टाकी राहू द्या, आणि बाहेरचं तिचं तोंडही,” तिने प्लंबरला सांगितलं.

“बाई, ते तोंड बंद करावं लागतं. नियम आहे.”

“वसंतात करू. टाकी काठोकाठ भरलेली आहे, ती कुठे पळून जातेय?”

प्लंबर कुरकुरला, पण तिच्या हातचा गोड पाव खाऊन गप्प बसला. राहता राहिला बाजूच्या भिंतीवरचा गॅसचा करडा मीटर. मागच्या अंगणात फातिमाच्या मातेची, म्हणजे येशूच्या आईची, कमरेएवढी सिमेंटची मूर्ती होती. देओलिंदाने आणि प्लंबरने मिळून ती उचलली आणि मीटरच्या पुढ्यात उभी केली.

डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात ग्वाल्तेरचा टँकर दारात आला. मातेची मूर्ती दिसताच त्याने टोपी काढून छातीवर क्रूस केला, आणि खिडकीच्या पडद्याआड देओलिंदाने ओठ चावले. तो गॅसच्या मीटरला नमस्कार करत होता.

मग त्याने नळी जोडली. टाकीत तेल शिरू लागलं की आतली हवा दुसऱ्या पाइपने बाहेर पडते आणि शिट्टी वाजते. टाकी भरली की शिट्टी थांबते. एरवी डिसेंबरात ती दोन-तीन मिनिटं वाजायची. यंदा एकदा ‘कुईं’ झाली आणि गप्प. ग्वाल्तेरने नळीकडे पाहिलं, टाकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केली.

“कोमाद्रे, टाकी भरलेली आहे.”

“असेल.”

“सप्टेंबरात मीच भरली होती. मग इतके दिवस जाळलंत काय?”

या प्रश्नाचं छान उत्तर देओलिंदाने आठवडाभर घोकून ठेवलं होतं. ऐनवेळी त्यातला एकही शब्द आठवेना.

“मी स्वेटर घालते,” ती म्हणाली.

ग्वाल्तेर उंबऱ्यावर क्षणभर मान तिरपी करून उभा राहिला, कुठे काही ऐकू येतंय का ते बघावं तसा. मग हळूच म्हणाला, “स्वेटर.” आणि मान हलवत निघून गेला.

सुटले, असं तिला वाटलं.

गुरुवारी दाराची घंटा वाजली. चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख ओर्तेंसिया दोन ब्लँकेटं घेऊन उभी होती. देओलिंदाने बाहीने कपाळ पुसलं आणि खुंटीवरचा कोट घाईघाईने अंगावर चढवून दार उघडलं.

“घरात कोट घालून बसतेस गं?” ओर्तेंसियाचे डोळे भरून आले. “आम्हाला एक शब्द तरी बोलायचास.”

शनिवारी आणखी तीन ब्लँकेटं आली. सोमवारी लोकरी मोज्यांची पिशवी. कोणी केल नावाच्या पालेभाजीचं सूप आणलं, कोणी त्यात शोरीस सॉसेजचे तुकडे जरा जास्तच घातले, कारण अंगात ऊब राहायला हवी. प्रत्येक घंटेला देओलिंदा कोट चढवायची, वर टोपी, आणि पाहुणी गेली की धापा टाकत खुर्चीत कोसळायची. पुढच्या रविवारी तर पाद्री प्रवचनात म्हणाले, की आपल्यातलीच एक भगिनी थंड घरात मूकपणे दिवस काढते आहे. नाव घेतलं नाही, पण चार बाकांवरच्या माना देओलिंदाकडे वळल्या. तिने मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

“आई, सांगून टाक ना एकदाचं,” फोनवर नातेर्सियाला हसू आवरत नव्हतं.

“आता कसं सांगू? पाच ब्लँकेटं आलीत.”

जानेवारीत असा कडाका पडला, की खिडक्यांच्या काचांवर बर्फाची नक्षी आली. देओलिंदाने हीटर चौऱ्याहत्तर फॅरनहाइटवर ठेवला होता आणि बिनबाह्यांच्या झग्यात भाजी चिरत होती. तेवढ्यात ग्वाल्तेरचाच आवाज आला, “कोमाद्रे, उघडा.” कोट चढवला, टोपी चढवली, हीटर उतरवायला मात्र वेळ मिळाला नाही.

ग्वाल्तेर आत आला. हातात बायको इदालिनाने दिलेलं सुपाचं भांडं, बगलेत एक जाड ब्लँकेट. स्वतःचा कोट त्याने काढला नाही. वरचं बटण उलट नीट लावून घेतलं आणि टेबलाशी बसला.

“घ्या, हे पायांवर घ्या,” त्याने ब्लँकेट पुढे केलं. “आणि सूप गरम आहे तोवर खाऊन घ्या.”

देओलिंदाने ब्लँकेट पायांवर घेतलं. सूप खाल्लं. ग्वाल्तेरने बेटावरच्या भावाच्या गाईची गोष्ट सुरू केली. गाय आजारी पडली, डॉक्टर आला, डॉक्टर परत गेला, गाय बरी झाली. गोष्ट संपेना. देओलिंदाच्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला आणि कमरेपर्यंत पोचला. मग तिच्या लक्षात आलं, की ग्वाल्तेरच्याही कानामागून पाणी टपकतंय.

“कोंपाद्रे, तुम्हाला घाम आलाय.”

“मला? छे. मी तर गारठलोय. तुम्हालाच आलेला दिसतोय.”

“सूप गरम होतं.”

“हो, इदालिना गरमच देते.” त्याने मफलर आणखी आवळला. “तर दुसरी गाय...”

दुसऱ्या गाईचं नाव येताच देओलिंदाने टोपी उपटून टेबलावर आपटली.

“गॅस घेतलाय मी. ऑक्टोबरात. बोला आता काय बोलायचं ते.”

ग्वाल्तेरने शांतपणे कोटाची बटणं काढली, कोट खुर्चीवर टाकला, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, “पाणी द्या आधी.”

तो ग्लासभर पाणी घटाघट प्यायला. “चाळीस वर्षं मी लोकांची तळघरं ऐकतोय, कोमाद्रे. तेलाचा बॉयलर पेटला की पायाखालची फरशी सांगते. त्या दिवशी तुमची फरशी मुकी होती आणि स्वयंपाकघर उबदार.”

“म्हणजे डिसेंबरापासून माहीत होतं? मग ती ब्लँकेटं?”

“ओर्तेंसियाला मीच सांगितलं. पाद्रींनाही.” त्याच्या मिशा थरथरल्या. “एक महिना टिकाल असं वाटलं होतं. तुम्ही फारच चिवट निघालात.”

देओलिंदाने हातातला चमचा त्याच्यावर उगारला, आणि मग तिलाच असं हसू फुटलं, की टेबलाला धरून बसावं लागलं. हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, “रागावलात का हो?”

ग्वाल्तेरने ग्लास फिरवला. “आठ दिवस रागावलो होतो. गॅस घेतलात म्हणून नाही. मला बाहेर थंडीत नळी धरून उभं केलंत म्हणून.”

तिने त्याच्यापुढे पावाची ताटली सरकवली. त्याने दोन तुकडे खाल्ले.

“शनिवारी येतो,” उठताना तो म्हणाला. “ते तेल उपसून नेतो आणि टाकीचं तोंड बंद करतो. असं उघडं ठेवणं बरं नाही.”

शनिवारी सकाळी तो पंप घेऊन आला. टाकीतलं तेल घरघरत उलट टँकरमध्ये जाऊ लागलं. शेजारपाजारचे पडदे हलले. थोड्या वेळाने ओर्तेंसिया बाजाराची पिशवी घेऊन तिथून जात होती, ती थबकली.

“काय चाललंय, ग्वाल्तेर?”

“तेल परत नेतोय. त्यांना लागत नाही.”

“लागत नाही?” ओर्तेंसियाने पिशवी खाली ठेवली. “या थंडीत? विधवा बाईच्या टाकीतलं तेल काढून नेतोस? चर्चमध्ये मेणबत्त्या लावतोस ना रे दर रविवारी?”

समोरच्या घरातून दोघीजणी बाहेर आल्या. ग्वाल्तेरने पायरीवर उभ्या असलेल्या देओलिंदाकडे पाहिलं. आता एक वाक्य बोलणं तिच्या हातात होतं.

देओलिंदाने ओर्तेंसियाचंच ब्लँकेट खांद्यांवरून नीट लपेटून घेतलं. आवाज जरा बारीक केला.

“जाऊ दे गं ओर्तेंसिया. त्यांचीही काहीतरी अडचण असेल.”

मग मात्र ओर्तेंसियाला कोणी थांबवू शकलं नाही. ग्वाल्तेरच्या दोन्ही हातांत नळी होती, ती सोडता येत नव्हती, आणि टाकी रिकामी व्हायला अजून वीस मिनिटं तरी लागणार होती.